उजेडावर पाय

वडकीच्या जिनिंगचा पहिला शेड मीच आखला होता.
शंभर फूट बाय साठ, वर टिनाचे पत्रे,
आणि दर पाचवा पत्रा फायबरचा, दुधी,
म्हणजे दिवसा दिवे लावायला नकोत.
विजेची बचत, असं समासात लिहिलंही होतं.
मंजुरीचा गोल निळा शिक्का
नकाशाच्या कोपऱ्यात अजून तसाच आहे.

चरणदास कुमरे जानेवारीत वर चढला,
पत्र्यांवरची रुई झाडायला.
जिनिंगमध्ये रुई सगळीकडे बसते,
भुवयांवर, पंख्यांवर, चहाच्या कपात,
छपरावर तर बोटभर.
वरून सगळे पत्रे सारखेच पांढरे.

पाच वर्षांनी मालकाला दुसरा शेड हवा होता.
कागद उघडण्याआधी मी चरणदासकडे गेले.
तो आता फाटकापाशी काट्यावर बसतो,
गाड्यांची वजनं लिहितो,
कुबडी खुर्चीच्या पाठीला टांगलेली.
काय विचारायचं ठरवलं होतं, ते विसरले.
तोच म्हणाला,
"मी काई पत्र्यावर पाय नाई देला, म्याडम.
मी उजेडावर पाय देला.
तो खालून दिसते. वरून नाई दिसत."

मग त्यानं पावतीबुकावर काड्यापेटी ठेवली.
हा शेड.
एक काडी आडवी: इथून चालायची वाट, पक्की, दोन पायांची.
दुसरी मोडून मधोमध धरली:
इथं कडी. दोर बांधाले.
"अन् जिना कुठं काढान?"
मी दाखवला.
"बायाइच्या डोक्यावर गाठोडं राह्यते.
त्याइले सोताचे पाय दिसत नाई.
पायरी बुटकी ठेवा, अन् सगळ्या सारख्या.
एकच उंच झाली का बाई गेली."
आणि दार?
"दार भाईर उघडलं पाह्यजे.
रुईले आग लागली का माणूस ढकलते, ओढत नाई."

कॉलेजात हे सहा महिने शिकवलं होतं,
जाड पुस्तकातून, तक्त्यांसकट.
मला गुण चांगले होते.

मालकानं नकाशा उलटसुलट पाहिला.
"आढ्यावर ह्या आठ कड्या कायले? वर बकऱ्या बांधता का?"
धूळ ओढणाऱ्या पंख्यांवर रेघ मारली, मग खोडली.
उजेड छपरातून काढून भिंतीत घातला होता मी,
उंच खिडक्यांत,
त्याचाही हिशोब झाला.
मी जुना नकाशा शेजारी पसरला,
एका दुधी चौकोनावर बोट ठेवलं
आणि ठेवूनच राहिले.
तो बराच वेळ बाहेर बघत होता, काट्याकडे.
"सहा करा."
मी म्हटलं, आठ.
चहा आला, निवला, त्यातही रुई पडली.
आठ.

ऑक्टोबरात, कापूस यायच्या आधी,
शेड ताब्यात द्यायच्या दिवशी मी वर चढले.
सात शेड आखले होते तोवर,
एकाच्याही छपरावर गेले नव्हते.
कागदावरून कोणी पडत नाही.
इथे माझी पेन्सिलीची रेघ
दोन फूट रुंद झाली होती
आणि पायाखाली किंचित लवत होती.
खाली पऱ्हाटीची शेतं, पार रस्त्यापर्यंत,
इतकी हिरवी की बघवेना.
गुडघे माझे नव्हते.

खालून चरणदास, कुबडीवर रेलून, मान मागे टाकून:
"अडकोला का दोर?"
हो!
"आवाज नाई आला!"

मी हूक काढला.
पुन्हा कडीत घातला.
खट्.

"हाव," तो म्हणाला,
"आता चाला."